हायदुक स्प्लिट : एका हट्टी क्लबची गोष्ट

तर झालं असं, की थर्ड इयरला सेमिनारचे विषय वाटले गेले आणि माझ्या वाट्याला 'लाँग स्पॅन रूफ' आलं. सोपे विषय वरच्या रोल नंबरवाल्यांनी आधीच उचलले होते. लायब्ररीत एक जाडजूड पुस्तक चाळताना एका स्टेडियमचा फोटो दिसला. किनाऱ्यावर एखादा मोठा शिंपला उघडा पडलेला असावा, तसं ते दिसत होतं. खाली लिहिलं होतं : पोल्युद स्टेडियम, स्प्लिट, १९७९, आर्किटेक्ट बोरिस मागाश. म्हटलं चला, केस स्टडी मिळाली!

छत खरंच झकास आहे. दोन लांब बाजूंच्या स्टँडवर दोन कमानदार छतं, एकेकाचा स्पॅन दोनशे मीटरच्या घरात. पोलादी पाइप आणि त्यांना जोडणारे गोल नोड, म्हणजे आपली स्पेस फ्रेम. पाइपांमध्ये मुख्यतः फक्त ताण किंवा दाब येतो, वाकवणारं बल जवळजवळ नाही. त्यामुळे सांगाडा हलका राहतो आणि मॅच बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर एकही खांब येत नाही. सेमिनारला एवढं पुरे होतं. पण घोळ असा झाला, की छत शोधता शोधता मी छताखाली खेळणाऱ्या क्लबात अडकलो, तो अजून सुटलेलो नाही. सेमिनार संपला, ग्रेड मिळाली, त्याबद्दल इथे बोलायला नको. पण त्या क्लबाची गोष्ट कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून संपादकांच्या मागे लागून ही पानं मिळवली.

क्रोएशिया म्हटलं की आपल्याला आठवतात ते लाल-पांढऱ्या चौकड्यांचे शर्ट, मॉड्रिच आणि २०१८ च्या वर्ल्ड कपची फायनल. त्या देशाच्या दक्षिण भागात, एड्रियाटिक समुद्राच्या काठावर स्प्लिट नावाचं शहर आहे. वस्ती जेमतेम एक लाख साठ हजार. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या गावाएवढं. रोमन सम्राट डायोक्लेशियनने सुमारे सतराशे वर्षांपूर्वी इथे राजवाडा बांधला आणि पुढे लोकांनी त्या राजवाड्याच्या आतच गाव वसवलं. आजही लोक त्या भिंतींमध्ये राहतात, कपडे वाळत घालतात. या गावाचा क्लब म्हणजे हायदुक. (स्पेलिंगमध्ये 'जे' आहे म्हणून आमच्या हॉस्टेलवर सगळे 'हजदुक' म्हणतात. त्यांच्याकडे 'जे'चा उच्चार 'य' होतो. मॉड्रिचचा चाहता म्हणवणाऱ्याने एवढं तरी लक्षात ठेवावं!)

क्लबाचा जन्म मात्र स्प्लिटमध्ये नाही, प्रागमध्ये झाला. आणि तोही एका बिअरच्या जुन्या अड्ड्यावर! तेव्हा स्प्लिट आणि प्राग दोन्ही ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते आणि स्प्लिटची पोरं शिकायला प्रागला जात. फाबियान कालितेर्ना, लुत्सियान स्तेला, इव्हान शाकिच आणि व्येकोस्लाव्ह इव्हानिशेविच या चौघांनी तिथे स्पार्टा आणि स्लाव्हिया यांची मॅच पाहिली, आणि नंतर 'उ फ्लेकू' नावाच्या बिअरखान्यात बसून ठरवलं की आपल्या गावातही असा क्लब पाहिजे. मॅच बघून आल्यावर रात्री हॉस्टेलच्या कट्ट्यावर आपणही असले संकल्प सोडतो. फरक एवढाच, की या पोरांनी तो पाळला. १३ फेब्रुवारी १९११ रोजी क्लबाची रीतसर नोंदणी झाली.

नावाची गोष्ट आणखी मजेशीर आहे. नाव काय ठेवायचं यावर एकमत होईना, तेव्हा ही मंडळी आपल्या जुन्या शिक्षकांकडे, योसिप बाराच यांच्याकडे गेली. हायदुक हे नाव त्यांनी सुचवलं. बाल्कन भागात तुर्की सत्तेविरुद्ध डोंगरात राहून लढणारे, लुटालूट करणारे जे बंडखोर, ते हायदुक. सरकारदप्तरी दरोडेखोर आणि लोकगीतांमध्ये वीर. आपल्याकडेही इंग्रजांच्या कागदपत्रांत डाकू ठरलेल्यांचे पोवाडे गावोगाव गायले जायचेच की. साम्राज्याच्या राज्यात राहून क्लबाला बंडखोराचं नाव द्यायचं, वर पूर्ण नावात 'क्रोएशियन' हा शब्द घालायचा आणि बिल्ल्यावर क्रोएशियाची लाल-पांढरी चौकडी लावायची, हे सगळं त्या काळात साधं नव्हतं. स्प्लिटमध्ये तेव्हा इटालियन बाजूचे आणि क्रोएशियन बाजूचे असे सरळ दोन गट होते. हायदुकची पहिली मॅच ११ जून १९११ ला झाली ती इटालियन गटाच्या काल्चो स्पालातो या क्लबाशी. निकाल ९-०! पहिला गोल शिमे राउनिग याने मारला. चेंडू त्याच्या गुडघ्याला लागून आत गेला म्हणे. इतिहास असाही घडतो.

पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य गेलं, युगोस्लाव्हियाचं राज्य आलं, आणि १९२७ व १९२९ ला हायदुकने त्या देशाची चॅम्पियनशिप जिंकली. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही जुन्या क्लबाची असते तशीच आहे. मला जिने धरून ठेवलं ती गोष्ट १९४१ पासून सुरू होते.

एप्रिल १९४१. मुसोलिनीच्या इटलीने स्प्लिट घेतलं आणि सरळ आपल्या देशाला जोडून टाकलं. मग हायदुकपुढे प्रस्ताव आला : नाव बदला, 'स्पालातो' व्हा आणि इटलीच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये, म्हणजे सेरी आ मध्ये खेळा. आता जरा विचार करा. खेळाडूच्या नजरेने बघितलं तर ही लॉटरीच होती. युरोपातली तगडी लीग, मोठी मैदानं, पैसे. आणि किंमत काय, तर फक्त नाव. हायदुकने नकार दिला. क्लब बंद ठेवला, पण खेळले नाहीत. झाग्रेबमध्ये नाझींच्या मदतीने जे क्रोएशियन राज्य उभं राहिलं होतं, त्याच्या लीगमध्येही ते उतरले नाहीत. म्हणजे 'इटालियन नको, आपले चालतील' असंही नाही.

तीन वर्षं क्लब कागदावरच होता. मग १९४४ मध्ये खेळाडू एकेक करून, लपतछपत व्हिस नावाच्या बेटावर पोचले. हे बेट टिटोच्या पार्टिझान सैन्याच्या ताब्यात होतं. ७ मे १९४४ ला, म्हणजे स्प्लिटचा ग्रामदैवतासारखा संत सेंट दुये याच्या उत्सवाच्या दिवशी, तिथे हायदुक पुन्हा उभा राहिला, आता मुक्तिसेनेचा संघ म्हणून. बिल्ल्यावर चौकडीच्या जागी लाल तारा आला. सप्टेंबर १९४४ मध्ये इटलीतल्या बारी शहरात ते ब्रिटिश सैन्याच्या संघाशी खेळले. त्या संघाचा कप्तान होता स्टॅन कलिस, इंग्लंडचा नावाजलेला खेळाडू. चाळीस हजारांवर प्रेक्षक होते. हायदुक ७-२ ने हरला. डिसेंबरमध्ये त्याच ब्रिटिश संघाला मुक्त झालेल्या स्प्लिटमध्ये त्यांनी १-० हरवलं. मग इजिप्त, पॅलेस्टाइन, लेबनॉन, सीरिया असा दौरा. त्या दौऱ्यातच द गॉलच्या फ्री फ्रान्सने त्यांना आपला मानद संघ केलं. देशच अजून धड जागेवर नाही आणि देशाचा फुटबॉल संघ जगभर फिरतोय!

युद्ध संपल्यावर आणखी एक प्रस्ताव आला आणि तो थेट स्वतःच्या माणसाकडून. टिटोला हायदुक आवडत असे. सैन्याचा अधिकृत क्लब म्हणून बेलग्रेडला या, असं त्यांना सांगण्यात आलं. राजधानी, सरकारी पाठबळ, सगळं. हायदुक म्हणाला, आम्ही स्प्लिटलाच बरे. मग सैन्याने ऑक्टोबर १९४५ मध्ये बेलग्रेडमध्ये नवीन क्लब काढला, तोच पार्टिझान. त्याच वर्षी नव्या सरकारने युद्धाआधीचे बरेच मोठे क्लब मोडीत काढले. झाग्रेबचे, बेलग्रेडचे दादा क्लब गेले आणि त्यांच्या जागी दिनामो, रेड स्टार असे नवे आले. हायदुक मात्र आपल्या जुन्या नावासकट टिकला. बेटावरची ती कमाई इथे कामी आली.

पण सरकारचा लाडका क्लब म्हणून तो गप्प बसला असं समजू नका. १९५० च्या वर्ल्ड कपमधल्या ब्राझीलच्या प्रेक्षकांची वर्णनं ऐकून झाग्रेबमध्ये शिकणाऱ्या डाल्मेशियाच्या (स्प्लिटच्या आसपासचा किनारी प्रदेश) विद्यार्थ्यांनी २८ ऑक्टोबर १९५० ला चाहत्यांचा एक गट काढला. नावही ब्राझीलवरूनच उचललं : तोर्सिदा. दुसऱ्याच दिवशी स्प्लिटमध्ये रेड स्टारशी मॅच होती. घंटा, शिट्ट्या, भोंगे, आरडाओरडा, स्प्लिटने असला गोंगाट पूर्वी कधी ऐकला नव्हता. शेवटच्या काही मिनिटांत ब्रोकेताने गोल मारला, २-१. हायदुकने त्या मोसमात एकही मॅच न हरता चॅम्पियनशिप जिंकली.

आणि मग पोलिस आले. बेलग्रेडच्या क्लबविरुद्ध एवढी मोठी क्रोएशियन गर्दी, तीही सरकारला न विचारता संघटित झालेली, हे पक्षाला कसं पचणार? तोर्सिदाचा पुढारी व्येन्चेस्लाव्ह झुव्हेला तुरुंगात गेला. संघाचा कप्तान फ्राने मातोशिच, जो व्हिसच्या बेटावर लाल तारा लावून खेळला होता, त्याला पक्षातून काढण्यात आलं. विद्यार्थ्यांनी शिट्ट्या वाजवल्या म्हणून तुरुंग! आपल्या गॅदरिंगला दहा वाजता स्पीकर बंद केला तर आपण आठवडाभर कुरकुरतो. तोर्सिदा हे नाव त्यानंतर जवळपास तीस वर्षं उघडपणे घेता येत नव्हतं. आज ती युरोपातली सर्वांत जुनी चाहत्यांची संघटना मानली जाते.

सत्तरचं दशक हा त्यांचा सुवर्णकाळ. चार लीग, पाच कप, आणि १९७९ ला भूमध्य क्रीडास्पर्धांसाठी बांधलेलं ते माझं शिंपल्याचं स्टेडियम. गावचा जुना राजवाडा युनेस्कोच्या यादीत गेला तोही १९७९ लाच. या काळात जिंकलेल्या मॅचेसबद्दल लिहायचं तर वेगळा अंक काढावा लागेल, म्हणून पुढे जातो. कारण पुढे दोन दिवस असे आहेत की ते मला अजूनही नीट जुळवता आलेले नाहीत.

पहिला दिवस ४ मे १९८०. पोल्युदवर हायदुक विरुद्ध रेड स्टार. स्टेडियम खच्चून भरलेलं. पहिल्या हाफमध्येच मॅच थांबवली गेली आणि लाउडस्पीकरवरून सांगितलं गेलं की टिटो गेला. खेळाडू मैदानातच कोसळले. हायदुकचा झ्लात्को व्हुयोविच रडत होता, समोरच्या संघातले सर्ब खेळाडू रडत होते, आणि मग पन्नास हजार लोकांनी एका सुरात टिटोशी एकनिष्ठ राहण्याच्या शपथेचं गाणं म्हटलं. याचं चित्रण उपलब्ध आहे, मी पाहिलं आहे. ते नाटक वाटत नाही.

दुसरा दिवस २६ सप्टेंबर १९९०. तेच स्टेडियम. समोर पार्टिझान, म्हणजे हायदुकने नकार दिला म्हणून निर्माण झालेला क्लब. मॅच चालू असताना तोर्सिदाची पोरं जाळी ओलांडून मैदानात घुसली, पार्टिझानचे खेळाडू पळाले, आणि स्टेडियमवरचा युगोस्लाव्हियाचा झेंडा उतरवून जाळण्यात आला.

मध्ये दहाच वर्षं. छत तेच, बाकडी तीच. माणसं? मी माझ्या परीने असं समजावून घेतलं, की १९८० मध्ये बापाच्या खांद्यावर बसून जे पोरगं रडणारी माणसं पाहत होतं, ते १९९० मध्ये सतरा-अठराचं झालं होतं. पण हे उत्तर जरा जास्तच सोयीचं आहे. काही जण दोन्ही दिवशी तिथे असणारच. तेव्हाही खरे आणि नंतरही खरे. त्या दहा वर्षांत महागाई, देशाचं कर्ज, सर्बियातलं मिलोशेविचचं राजकारण आणि १९९० च्या वसंतातल्या निवडणुका असं बरंच काही झालं होतं. तरी आकडे आणि कारणं मांडूनही ते गणित माझ्याच्याने पूर्ण सुटत नाही. स्टॅटिकली इनडिटरमिनेट आहे म्हणा. त्याच वर्षी बिल्ल्यावरचा लाल तारा जाऊन चौकडी परत आली.

आता एक भाग आपल्या ओळखीच्या माणसाचा. ८ मे १९९१, बेलग्रेड. युगोस्लाव्हिया कपची फायनल, हायदुक विरुद्ध रेड स्टार. सहाच दिवसांपूर्वी बोरोव्हो सेलो या गावात क्रोएशियन पोलिस मारले गेले होते आणि युद्ध दारात उभं होतं. या मॅचमध्ये रेड स्टारचा सिनिशा मिहायलोविच आणि हायदुकचा एक बचावपटू एकमेकांशी इतके भिडले की रेफरीने दोघांनाही बाहेर काढलं. तो बचावपटू कोण? इगोर श्टिमाच! २०१९ ते २०२४ भारताच्या फुटबॉल संघाचा जो कोच होता, आपल्या पेपरांत ज्याचं नाव 'स्टिमॅक' असं छापून यायचं आणि साइडलाइनवर आरडाओरडा केला म्हणून ज्याला लाल कार्डं मिळायची, तोच. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध त्याने थ्रो-इन घेणाऱ्याच्या हातातला चेंडू उडवला तेव्हा आमच्या टीव्ही रूममध्ये सगळे हसले होते. हा माणूस कुठल्या फायनलमधून आलाय हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

अलेन बोक्शिचच्या गोलवर हायदुकने ती फायनल १-० जिंकली. तीनच आठवड्यांनी हाच रेड स्टार युरोपियन कप जिंकून युरोपचा विजेता झाला, आणि कुठे, तर बारीत! जिथे १९४४ मध्ये हायदुक ब्रिटिशांकडून सात गोल खाऊन आला होता, तेच शहर. क्रोएशियन क्लबांसह खेळली गेलेली ती शेवटची कप फायनल. ज्या देशाचा तो कप, तो देश राहिला नाही, त्यामुळे परत द्यायचा प्रश्नच आला नाही. कप स्प्लिटलाच राहिला.

स्वतंत्र क्रोएशियात सुरुवात तर दणक्यात झाली. १९९२, १९९४, १९९५ ला लीग, आणि १९९४-९५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलपर्यंत मजल. तिथे आयाक्सने हरवलं, जो पुढे तो कप जिंकला. नंतर २००१, २००४, २००५. आणि मग? मग काहीच नाही. २००५ नंतर २०२५ पर्यंत वीस वर्षांत लीगचं एकही विजेतेपद नाही. बहुतेक वर्षी झाग्रेबचा दिनामो जिंकला, मधेच दोन वेळा रियेकाने नंबर लावला. हायदुकला अधूनमधून कप मिळाले, शेवटचे दोन २०२२ आणि २०२३ ला. एवढंच.

पण मला सर्वांत इंटरेस्टिंग वाटलं ते याच दुष्काळात घडलेलं. २००८ मध्ये क्लबाची कंपनी झाली, शेअर निघाले, मोठा वाटा शहराच्या महापालिकेकडे राहिला. महापालिका म्हणजे नगरसेवक, म्हणजे निवडणूक, म्हणजे क्लबावर कुणाची माणसं बसणार हे ओघाने आलंच. कर्ज वाढत गेलं आणि क्लब दिवाळखोरीच्या दारात पोचला. चाहत्यांनी काय केलं, तर दगड मारण्याऐवजी (तेही अधूनमधून करतातच) एक नियमावली तयार केली. क्लबाचे वर्गणीदार सभासद मतदान करणार, त्यातून देखरेख मंडळ निवडलं जाणार, आणि महापालिका मालक असूनही ती निवड मान्य करणार. एक सभासद, एक मत. २०११ पासून हे सुरू झालं. पुढे 'आपला हायदुक' अशा अर्थाचं नाव असलेल्या चाहत्यांच्या संघटनेने पैसे गोळा करून सुमारे चौथा हिस्सा शेअर विकत घेतले. पोटभर बोलणारे चाहते सगळीकडे असतात. ऑडिट रिपोर्ट वाचणारे मी तरी पहिल्यांदाच पाहिले.

नाही म्हणायची जुनी खोडही गेली नाही. २२ नोव्हेंबर २०१४ ला झाग्रेबमध्ये दिनामोशी मॅच होती. हायदुकच्या काही चाहत्यांना स्टेडियमात सोडायला नकार मिळाला, तेव्हा संघच मैदानावर उतरला नाही. मॅच ३-० अशी गेली, वर एक गुण कापला गेला. संघ स्प्लिटला परतला तेव्हा स्वागत मात्र जिंकून आल्यासारखं झालं.

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण एक फोटो आहे, तो लपवला तर खोटेपणा होईल. १२ जून २०१५, पोल्युद, क्रोएशिया विरुद्ध इटली. प्रेक्षकांना बंदी होती, कारण आधीच्या एका मॅचमधल्या वर्णद्वेषी घोषणांची ती शिक्षाच होती. आणि त्या रिकाम्या स्टेडियमच्या गवतावर, कुणीतरी आधी रसायन टाकून काढलेलं, नाझींचं स्वस्तिक उमटलं. मॅच हायदुकची नव्हती, ते कुणी काढलं हेही तेव्हा कुणाला सांगता आलं नाही. पण मैदान त्यांचं होतं. ज्या क्लबाने १९४१ मध्ये फासिस्टांच्या लीगमध्ये खेळण्यापेक्षा बंद पडणं पत्करलं, त्याच्याच गवतावर! स्प्लिटचे जुने लोक यावर काय म्हणाले असतील? माझ्या रिपोर्टसाठी मी त्या स्टेडियमचे जे वरून काढलेले फोटो गोळा केले होते, त्यांतला एक नेमका त्या दिवसाचा निघाला. तो मी काढून टाकला आणि नंतर परत ठेवला.

जाता जाता एप्रिल २०२३. युरोपातल्या युवा संघांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये हायदुकच्या एकोणीस वर्षांखालच्या पोरांनी मँचेस्टर सिटीला, डॉर्टमुंडला आणि मिलानला घरी पाठवलं आणि जिनिव्हाला फायनल गाठली. पोरांची मॅच, तरी हजारो लोक स्प्लिटहून आणि युरोपभरातून तिथे गेले. डच क्लब आझेडने त्यांना ५-० धुतलं. ही पोरं साधारण माझ्याच वयाची. २००५ नंतर जन्मलेल्या काहींनी आपला क्लब लीग जिंकताना कधी पाहिलाच नव्हता.

सेमिनारच्या दिवशी एक्स्टर्नलनी विचारलं, "एवढी स्टेडियमं असताना हेच का निवडलंस?" मी उत्साहाने उ फ्लेकूपासून सुरुवात केली. व्हिसच्या बेटापर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात सरांनी हात वर केला आणि म्हणाले, "ते ठीक आहे. वाऱ्याचा लोड किती घेतलास?"